वाघ-बिबट्यांच्या हालचालींवर पीएचडी करायची आहे: ग्वाल्हेरहून सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्रात एमएस्सीचं शेवटचं वर्ष, घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, कूनो आणि माधव ही दोन्ही उद्यानं दिवसात जाऊन येण्यासारखी. वाघ, बिबटे, चित्ते कसे आणि का फिरतात यावर पीएचडी करायची इच्छा आहे. कॉलर, म्हणजे जनावराची जागा टिपणारा गळपट्टा, लावायला कुठे शिकता येईल, अर्ज कुठे करायचा, आणि घरचे विचारतात तसं, यात पोटापाण्याचं काय?

कॉलरचं आधी घेऊ, कारण बहुतेक मुलं-मुली तिथेच अडकतात. भारतात कुठलाही विद्यार्थी एकट्याच्या बळावर वाघाला किंवा बिबट्याला कॉलर लावत नाही. हे प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. संशोधनासाठी पकडायचे तर कलम १२ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांची परवानगी लागते, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी त्याआधी केंद्र सरकारची मंजुरी. अभयारण्यात अभ्यासासाठी नुसतं शिरायचं तरी कलम २८ आहेच. व्याघ्र प्रकल्प असेल तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं. उपग्रहामार्फत माहिती पाठवणारी कॉलर परदेशातून मागवली की बिनतारी परवाना आणि सीमाशुल्क वेगळं. हे सगळं जुळेपर्यंत वर्ष-दोन वर्षं कशी जातात कळत नाही, आणि फेलोशिप असते पाच वर्षांची. म्हणून जिथे परवानगी आधीच हातात आहे, कॉलर लागलेल्या आहेत किंवा मागच्या प्रकल्पाचा डेटा पडून आहे, अशाच ठिकाणी शिरायचं. अर्ज करताना पहिला निकष हा ठेवा.

शिवाय भूल देण्याचं काम पशुवैद्याचं असतं आणि ते त्यांचंच राहायला हवं. त्या वेळी विद्यार्थ्याच्या हातात घड्याळ, थर्मामीटर, मोजपट्टी आणि वही असते. दर पाच मिनिटांनी श्वास, नाडी आणि गुदद्वारातलं तापमान टिपायचं. ४० अंश सेल्सियसच्या वर जायला लागलं की ओरडून सांगायचं, म्हणजे पाणी ओतणं सुरू होतं. डोळ्यांवर पट्टी, डोळ्यांत मलम, मानेचा घेर, सुळ्यांची लांबी आणि झीज. कॉलर बसवल्यावर तिच्याखाली दोन बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. त्याहून सैल झाली तर पुढचा पंजा अडकतो, घट्ट झाली तर मान सोलते. वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. ३० किलोच्या बिबट मादीला म्हणजे ६०० ग्रॅम, आणि ही मर्यादा बॅटरीचा आकार ठरवते. जुलै २०२३ मध्ये कूनोत काही चित्त्यांच्या मानेवर कॉलरखाली जखमा आढळल्या, पावसाळी ओलाव्यात त्यांत अळ्या पडल्या, आणि मोकळ्या सोडलेल्या चित्त्यांना पुन्हा कुंपणात आणून तपासावं लागलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॉलर म्हणजे जनावराच्या अंगावर ठेवलेली जबाबदारी असते, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी मनात पक्कं करावं.

आणखी एक पेच आहे. नवं वावरक्षेत्र शोधायला निघतात ते दीड-दोन ते तीन वर्षांचे तरुण नर. अभ्यासाला सगळ्यांत मोलाचे तेच, आणि कॉलर लावायला सगळ्यांत अवघडही तेच, कारण त्यांची मान अजून वाढत असते. म्हणूनच लांब पल्ल्याच्या प्रवासाच्या नोंदी इतक्या कमी आहेत.

ज्या आहेत त्या मात्र डोळे उघडणाऱ्या आहेत. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेला एक बिबट्या कॉलर लावून माळशेजजवळ सोडला. ‘आजोबा’ हे त्याचं नाव पुढे सर्वांना माहीत झालं. महिनाभराच्या आत तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाजवळ पोचला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. त्याच वर्षी पेंचहून पन्नाला आणलेला नर वाघ नोव्हेंबरात पन्ना सोडून दक्षिणेला, म्हणजे पेंचच्याच दिशेला चालू लागला. जवळजवळ महिनाभर त्याच्या मागावर राहून डिसेंबराच्या अखेरीस त्याला परत आणलं. आणि २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला तरुण वाघ तेलंगणाच्या हद्दीतून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगात स्थिरावला, पाच महिन्यांत १,३०० किलोमीटरहून जास्त चालून.

या शेवटच्या आकड्यापाशी जरा थांबू या, कारण पूर्ण विषय त्यात दडलेला आहे. ‘वाघ १,३०० किलोमीटर चालला’ म्हणजे नक्की काय मोजलं? कॉलर ठरावीक वेळानं जागा टिपते आणि आपण दोन टिपणांमध्ये सरळ रेष ओढतो. समजा जनावर एका तासात नाल्यानं ३ किलोमीटर पूर्वेला गेलं आणि पुढच्या तासात ४ किलोमीटर उत्तरेला. दर तासाच्या टिपणांवरून अंतर ७ किलोमीटर येतं. दर दोन तासांच्या टिपणांवरून तेच ५ येतं. जनावर तेच, वाट तीच. प्रत्यक्षात वाट नागमोडी असते, म्हणजे खरं अंतर ७ हूनही जास्त. त्यामुळे एका अभ्यासातला वाघ दिवसाला इतके किलोमीटर चालला आणि दुसऱ्यातला तितके, अशी तुलना टिपणांमधलं अंतर सारखं नसेल तर करताच येत नाही. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. ज्याला तो उमगलाय, त्यानं डेटा हाताळलाय हे समोरच्याला लगेच कळतं.

टिपणं जास्त घ्यावीत म्हटलं तर बॅटरी आड येते. तासाला एक म्हणजे वर्षाला ८,७६०. पंधरा मिनिटांना एक म्हणजे ३५,०४०. चार तासांना एक म्हणजे २,१९०. उपग्रहाकडे पाठवायला लागणारी वीज वेगळी. म्हणून वेळापत्रक प्रश्नावरून ठरवायचं. वावरक्षेत्र किती मोठं, एवढंच हवं असेल तर चार-पाच तासांना एक टिपण पुरतं. रस्ता कुठे ओलांडला हे हवं असेल तर पंधरा मिनिटंही कधी कमी पडतात. प्रश्न न ठरवता कॉलर लावली की तीन वर्षांनी हातात अशी फाइल येते जिचा कशालाच धड उपयोग नसतो, आणि जनावराला मात्र त्रास झालेला असतो.

आता ती फाइल जवळून पाहू. उघडली की रकाने दिसतात: तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, किती उपग्रह दिसले, अचूकतेचा निर्देशांक, तापमान, हालचालीचा आकडा. नवखा माणूस लगेच नकाशावर ठिपके टाकतो. तसं करू नका, आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली वेळ. बहुतेक कॉलर जागतिक प्रमाणवेळ लिहितात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. बदल केला नाही तर संध्याकाळी सातला बाहेर पडलेला बिबट्या फाइलमध्ये दुपारी दीडला निघालेला दिसतो, आणि ‘बिबटे भरदुपारी फिरतात’ असा शोध लागतो. दिनांकही घसरतो: रात्री एकची शिकार आदल्या तारखेला जाते.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची. अंतरं मीटरमध्ये मोजायला यूटीएम पद्धत वापरतात, तिचे पट्टे सहा-सहा अंशांचे. ४३ वा पट्टा ७८ रेखांशाला संपतो, तिथून ४४ वा सुरू. कूनो आणि शिवपुरी ४३ मध्ये, ग्वाल्हेर शहर ४४ मध्ये. कूनोतून निघालेलं जनावर ग्वाल्हेरकडे आलं आणि प्रोग्रामनं आपोआप पट्टा बदलला, तर एका तासात पूर्व-पश्चिम अंतरात सुमारे ६०० किलोमीटरची उडी दिसते. सगळ्या अभ्यासासाठी एकच पट्टा धरा, इथे ४३, आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. ही चूक पुस्तकात वाचून कळत नाही, पण या भागात काम करणाऱ्याला ती कधी ना कधी गाठतेच.

तिसरी गोष्ट, जी टिपणं नाहीत ती. कॉलरनं चोवीसदा प्रयत्न केला आणि एकोणीसदा जागा सापडली, तर उरलेल्या पाच वेळा जनावर कुठे होतं? बहुधा चंबळ-कुंवारीच्या बीहडात, खोल घळीत, जिथून आकाशाची फक्त चिंचोळी पट्टी दिसते. किंवा पावसाळ्यात पानांनी गच्च झालेल्या करधईच्या जंगलात. म्हणजे जनावर जिथे लपतं तीच जागा डेटामधून गळते, आणि आपण लिहितो की त्याला बीहड आवडत नाही. उपाय साधा आहे. जनावराला लावण्याआधी तीच कॉलर घळीच्या तळाशी, उघड्या माळावर, झाडीत आणि शेतात प्रत्येकी ४८ तास ठेवायची. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, पाण्यानं भरलेल्या प्लॅस्टिकच्या डब्याला बांधून, कारण जनावराचं शरीरही सिग्नल अडवतं. किती टक्के प्रयत्न यशस्वी झाले आणि ठिपके खऱ्या जागेपासून किती मीटर सरकले, हे उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा मोजायचं. या चाचणीत जनावराला हात लागत नाही, त्यामुळे एमएस्सीच्या प्रबंधालाही ती शोभेल. एखाद्या प्रकल्पाला हे काम करून देतो म्हटलं तर दार उघडण्याची शक्यता बरीच वाढते.

विश्लेषणासाठी आर (R) ही संगणकभाषा शिका. त्याला पर्याय शोधत बसू नका. नकाशांसाठी क्यूजीआयएस, उपग्रहचित्रांसाठी गूगल अर्थ इंजिन. सरावाला भारतीय वाघांचा डेटा मिळणार नाही, शिकाऱ्यांच्या भीतीनं तो उघड केला जात नाही आणि ते योग्यच आहे. पण लॅटिन अमेरिकेतल्या ११७ जग्वारांची १,३४,६९० टिपणं २०१८ पासून सर्वांना खुली आहेत. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या मूव्हबँकवरही अनेक प्राण्यांचे डेटासंच मोफत उतरवता येतात. जग्वार हा वजनानं आणि सवयींनी आपल्या बिबट्या-वाघाच्या मधला प्राणी, सरावाला याहून चांगलं काही नाही.

त्यावर काय करायचं? आधी प्रत्येक जनावर एका जागी वावरतंय की निघून चाललंय हे ठरवा. सुरुवातीच्या जागेपासूनच्या सरळ अंतराचा वर्ग काळाबरोबर आलेखावर मांडा: वावरक्षेत्र असेल तर रेष चढून सपाट होते, निघालेलं असेल तर चढतच राहते. ही पायरी गाळून ज्ञानगंगाच्या वाटेवरच्या वाघाचं ‘वावरक्षेत्र’ काढलं तर त्यात निम्मा विदर्भ आणि मराठवाड्याची शेतं येतील. जे स्थिर आहेत त्यांच्यासाठी आरच्या सीटीएमएम पॅकेजमधली पद्धत वापरा. जुन्या बहुभुज आणि साध्या घनतेच्या पद्धती प्रत्येक टिपण स्वतंत्र आहे असं धरून चालतात. तासाभरापूर्वी जिथे होतं तिथून वाघ फार दूर जाऊच शकत नाही, म्हणून त्या क्षेत्र खऱ्याहून लहान दाखवतात.

मग एएमटी पॅकेज आणि पावलांच्या निवडीचं विश्लेषण. इथे पाऊल म्हणजे लागोपाठच्या दोन टिपणांमधली सरळ रेष. कल्पना सोपी आहे. जनावरानं प्रत्यक्ष टाकलेल्या प्रत्येक पावलाशेजारी त्याला टाकता आली असती अशी दहा-वीस काल्पनिक पावलं ठेवायची आणि विचारायचं, त्यानं हेच का निवडलं? नाला जवळ होता म्हणून, वस्ती लांब होती म्हणून, रात्र होती म्हणून? काल्पनिक पावलांची संख्या दुप्पट करून उत्तर बदलतंय का पाहा. बदलत असेल तर आणखी वाढवा. इथे सगळ्यांत जास्त होणारी चूक अशी: सहा वाघांची तीस हजार टिपणं आहेत म्हणून नमुना तीस हजारांचा समजणं. नमुना सहाचाच आहे. प्रत्येक जनावराचा वेगळेपणा मॉडेलमध्ये धरला नाही तर एका हट्टी नराची सवय सगळ्या जातीची म्हणून छापली जाते.

विसावा, शोध, वाटचाल अशा अवस्था वेगळ्या करणारी छुप्या मार्कोव्ह साखळीची मॉडेलही आहेत. ती वापरा, पण नावांवर फार विश्वास ठेवू नका. शिकारीवर दोन दिवस बसलेली वाघीण आणि पिल्लांजवळ बसलेली वाघीण संगणकाला सारखीच दिसते. फरक कळतो जागेवर गेल्यावर. म्हणून साचलेल्या ठिपक्यांची जागा, उदाहरणार्थ २०० मीटरच्या आत रात्रभर राहिलेली टिपणं, जनावर निघून गेल्याची खात्री करून, नाकेदाराबरोबर (म्हणजे वनरक्षकाबरोबर), दिवसाउजेडी तपासायची. केस, पोटातला चारा, ओढत नेल्याची खूण, चावलेली हाडं. उशीर झाला तर तरस, कोल्हे आणि गिधाडं काही ठेवत नाहीत, आणि पावसाळ्यात एका सरीत सगळं जातं. लहान शिकार, वासरू, बकरी, चितळाचं पिल्लू, तासा-दोन तासांत संपते आणि ठिपक्यांत दिसतच नाही. त्यामुळे फक्त ठिपक्यांवरून काढलेला आहार नेहमी मोठ्या शिकारीकडे झुकतो. विष्ठेतल्या केसांची तपासणी जोडीला हवीच.

कॉलर नसतानाही ग्वाल्हेरच्या आसपास करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि याबाबतीत इथे राहणारा विद्यार्थी खरोखर नशीबवान आहे. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून ८ आणि १८ फेब्रुवारी २०२३ ला दक्षिण आफ्रिकेहून १२ चित्ते कूनोत आले. त्यांतले काही पुढे करौलीपर्यंत आणि मुरैना-ग्वाल्हेरकडच्या शेतांपर्यंत फिरून आले. माधवमध्ये मार्च २०२३ मध्ये वाघ सोडले आणि मार्च २०२५ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प झाला. रणथंबोरहून नदी ओलांडून वाघ कूनोत येतात हे तर जुनंच. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ वाघ आणि ३,९०७ बिबटे धरले आहेत. या बिबट्यांकडे फारसं कुणाचं लक्ष नाही, आणि तरस-लांडग्यांकडे तर त्याहून कमी. वाघाच्या मागे दहा अर्जदार असतात. बीहडातल्या तरसाच्या किंवा लांडग्याच्या हालचालींवर नीट प्रश्न घेऊन जाणारा क्वचित एखादा. माझं मत विचाराल तर पीएचडीसाठी तीच जागा धरावी.

एमएस्सीच्या प्रबंधासाठी एक ठोस काम सांगावंसं वाटतं. जुना आग्रा-मुंबई रस्ता शिवपुरीला माधव उद्यानाला चिकटून जातो. त्याखालच्या पुलिया आणि मोऱ्यांतून कोणती जनावरं जातात, हे पाहायला कॉलर लागत नाही. वीस-तीस मोऱ्या निवडा. प्रत्येकीची उंची, रुंदी, लांबी, तळाशी पाणी आहे का, पलीकडे झाडी किती अंतरावर, हे मोजा. तोंडाशी एक मीटर रुंद पट्ट्यात चाळलेली बारीक माती बोटाच्या एका पेराएवढी पसरा. सकाळी सातच्या आत, जनावरं आणि गुराखी यायच्या आधी, ठसे पाहा, मोजपट्टीसह फोटो घ्या, माती पुन्हा सारखी करा. दहा सलग दिवस, मग जागा बदला. कॅमेरा ट्रॅप मिळाले तर गुडघ्याच्या उंचीवर, उगवती-मावळतीकडे तोंड न करता, लोखंडी पेटीत साखळीनं बांधून. नुसत्या पट्ट्यानं बांधलेला कॅमेरा चोरीला जातो. जंगलहद्दीत असाल तर आधी डीएफओंची, म्हणजे विभागीय वन अधिकाऱ्यांची, लेखी परवानगी घ्या, बाहेर असाल तरी त्यांना आणि ग्रामपंचायतीला पत्र द्या. या कामाचं वजन कमी समजू नका. आपल्या शेजारून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरच, पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागात जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले आहेत, आणि वाघ त्यांखालून जातात हे कॅमेऱ्यांनीच दाखवलं.

आता अर्ज. पैशाचं आधी, कारण घरच्यांचा प्रश्न तो आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, वर घरभाडं. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, जीवशास्त्राचा पेपर. गेट परीक्षेत परिस्थितिकी आणि उत्क्रांतीचा (इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन) स्वतंत्र पेपर आहे, त्याचा अभ्यास प्राणिशास्त्रवाल्यांना जड नाही, पण संख्याशास्त्र मनापासून करावं लागतं. जेआरएफ हातात असली की गाइड निवडण्याचं स्वातंत्र्य मिळतं, नाहीतर गाइडच्या प्रकल्पाच्या पैशावर प्रश्न ठरतो. म्हणून पहिलं वर्ष नेटला द्या आणि त्याच वर्षी आर शिका.

डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था हे या विषयाचं देशातलं मोठं केंद्र, कूनोतही तिचं काम आहे. तिथे थेट पीएचडीपेक्षा प्रकल्पातल्या जागेवरून शिरणं सोपं जातं: जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर निघतात, मुदत अनेकदा पंधरा-वीस दिवसांची, म्हणून बायोडेटा आणि गुणपत्रिका तयार ठेवा. बंगळूरचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) वन्यजीव जीवशास्त्रात एमएस्सी देतं. दर दोन वर्षांनी प्रवेश. तिथे उमा रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेत विष्ठेतल्या डीएनएवरून वाघांची जंगला-जंगलांतली ये-जा शोधतात. कॉलरशिवाय हालचाल वाचण्याचा हा दुसरा मोठा रस्ता. भारतीय विज्ञान संस्थेचं पर्यावरणशास्त्र केंद्र गणिताकडे कल असलेल्यांना उत्तम. बंगळूरची एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा वन्यजीवशास्त्र विभाग, जबलपूरची राज्य वन संशोधन संस्था हेही पाहा. जिवाजी विद्यापीठातूनच पीएचडी करून वन्यजीव संस्थेतला सहगाइड घेणं, हाही रस्ता वाईट नाही. घर जवळ, क्षेत्र जवळ. मात्र सहगाइड नावापुरता नको.

परदेशात जायचं तर जर्मनी, नॉर्वे, स्वीडनमध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते. जाहिरातीतल्या ठरलेल्या विषयालाच अर्ज करायचा. अमेरिकेत उलट: आधी प्राध्यापकाला पत्र, त्यांची पसंती, मग विद्यापीठाचा अर्ज. पत्रं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरमध्ये. मोंटाना, वायोमिंग, मिनेसोटा इथे मोठ्या मांसभक्षकांवर जुनी परंपरा आहे. ज्या जागेत पगार आणि फीमाफी दोन्ही मिळत नाहीत, ती घेऊ नका. कर्ज काढून या विषयात पीएचडी करू नये, हे मी ठामपणे सांगेन.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण लिहायचं कसं ते सांगते. ‘लहानपणापासून वाघांची आवड’ हे वाक्य काढा, प्रत्येक पत्रात ते असतं. त्याऐवजी: तुमच्या अमुक अभ्यासात दर चार तासांच्या टिपणांवर रस्ता ओलांडण्याचा निष्कर्ष आहे; मी जग्वारच्या खुल्या डेटावर टिपणं विरळ करून पाहिली तेव्हा ओलांडण्याची संख्या इतकी बदलली; तुमच्या डेटावर हे तपासता येईल का? सोबत कोडची लिंक आणि एक आलेख. दोनशे शब्दांत पत्र संपवा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.

आणि हो म्हणण्याआधी गाइडला लेखी विचारा, संकोच करू नका. परवानग्या कुणाच्या नावावर आणि कधीपर्यंत? डेटा कुणाचा, आणि प्रबंधात व शोधनिबंधात तो मला वापरता येईल का? प्रकल्प मध्येच थांबला तर दुसरा प्रश्न कोणता? आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? क्षेत्रावर राहायची सोय, गाडी, विमा, मुलींसाठी स्वतंत्र खोली, स्थानिक मदतनिसाचा पगार? आधीच्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला. तीन वर्षं क्षेत्रावर राबून डेटा वापरायची परवानगी नाही असं कळणं, हा या क्षेत्रातला सर्वांत क्लेशदायक आणि टाळता येण्यासारखा प्रसंग आहे. वाघांच्या जागा नेमक्या छापता येणार नाहीत, हे मात्र धरून चाला. नकाशे ढोबळच असतील.

पीएचडीनंतर व्याघ्र प्रकल्पांच्या प्रतिष्ठानांत जीवशास्त्रज्ञाची पदं, डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियासारख्या संस्था, रस्ते-रेल्वे-कालव्यांच्या प्रकल्पांसाठी जनावरांचे मार्ग ठरवण्याची सल्लागारी, आणि अध्यापन. पदं करारावरची जास्त, कायमची कमी. घरच्यांना हे स्पष्ट सांगा. पण आर आणि नकाशाशास्त्र येणारा माणूस रिकामा बसत नाही, ते कौशल्य शेती, आरोग्य, हवामान कुठेही चालतं.

जुलै ते सप्टेंबर उद्यानं बंद असतात आणि क्षेत्रावरची माणसं बैठी कामं करतात. त्या तीन महिन्यांत जग्वारच्या डेटावर एक जनावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा: वेळ सुधारा, पट्टा ठरवा, स्थिर की निघालेलं ते पाहा, वावरक्षेत्र काढा. ऑक्टोबरात शिवपुरीच्या मोऱ्यांची परवानगी मागायला जाल तेव्हा ते चार आलेख छापून सोबत न्या.